खुशालकाका बसले तरी मोडू नये

३ फेब्रुवारी, अमरावती
फायनल इयरचा प्रोजेक्ट: भाजीवाल्यांसाठी घडीचं स्टूल. डिझाइन झालं. म्हणजे मीच केलं, पार्टनर अपेक्षा नुसती सोबत होती. उरलं स्पेसिफिकेशन. सरांचा नियम असा की कागद अकोल्याच्या एका कॉलेजला जाणार, तिथली पोरं तो वाचून स्टूल बनवणार. फोन करायचा नाही. स्टूल मोडलं की वर्ष गेलं. सरांना यात फार मोठं काही आहे असं वाटतं. बिचारे. स्वतः कधी काही बनवलं नाही की माणूस असा कागदाला घाबरतो.
उद्यापासून पाचला उठून लिहिणार.

८ फेब्रुवारी
साडेनऊला उठलो. झोप झाली नाही तर डोकं चालत नाही, हे सायन्स आहे. आज स्टुलाचं नाव ठरवलं: 'बैस'. नाव म्हणजे अर्धं काम.
अपेक्षा पाइपची जाडी, रिव्हेट, किती किलो वजन पेलायचं, असले आकडे घेऊन आली. ही मुलगी तलाठी ऑफिसात शोभेल. तिला सांगितलं, आकडे कोणी वाचत नाही. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं पाहिजे.

१२ फेब्रुवारी, दुपारी
झालं! एका बैठकीत. आकार: 'सोयीचा'. पाइप: 'चांगला'. आणि मजबुती: 'खुशालकाका बसले तरी मोडू नये.' वा! घरच्या लग्नात काका आले की मंडपवाला न सांगता दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवतो. यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं?
अपेक्षा म्हणाली, "गजेंद्र, अकोल्यात तुह्या काकाले कोन ओळखते?" हसलो. काकांना अंजनगाव सुर्जीपर्यंत ओळखतात. मग माझं नाव काढ, मी माझा वेगळा कागद देते, म्हणाली. लगेच काढलं. श्रेयाचे दोन वाटे कशाला?

२६ फेब्रुवारी, अकोला
स्टूल दिसायला बरं. रंग पोपटी. अकोलाच ते.
टेस्ट कशी केली, सरांनी विचारलं. तिथल्या पोरांमधली प्रणाली म्हणाली, "सर, आमच्या गल्लीत एक खुशालकाका हायेत, त्यायलेच बसवलं. चहा पेतपर्यंत बसून रायले. काईच नाई झालं." फोटो दाखवला. या काकांना पंख्याखाली बसवायचीही भीती वाटावी, उडून जातील! खुशालकाका म्हटल्यावर कोणते, एवढी अक्कल नको?
शेवटी मीच बसून दाखवलं. आई मला रोज किडकिडीत म्हणते. पाय वाकले, रिव्हेट उडाला, मी फरशीवर. प्रणालीने हात दिला. घेतला नाही.
शेजारी अपेक्षाच्या कागदावरून बनवलेलं स्टूल होतं. सर त्यावर चढून उभे राहिले, मग उतरून तिच्या कागदावर सही केली.

२७ फेब्रुवारी
अपील करणार. प्राचार्य, विद्यापीठ, गरज पडली तर मंत्री. मसुदा उद्या.

१ जुलै
अपील राहून गेलं. अपेक्षाला नोकरी लागली.
पुन्हा फायनल इयर. वर्गात शिरलो तर पहिल्या बाकावरची मुलगी उठली, "गुड मॉर्निंग, सर" म्हणाली. तिच्यामागे सगळा वर्ग उभा राहिला. क्षणभर बरं वाटलं. मग सांगावं लागलं की मी सर नाही, नापास झालोय. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोणी हसलंसुद्धा नाही. ती मुलगी थोडी सरकली आणि बाकावर जागा करून दिली.