भुवईवरचा वण

सर्वण, सोमवार, तिन्हीसांजा

आठ दिवसांपूर्वी पोलिसांच्या ओळखपरेडीत सात जणांतून मी लगेच एकाकडे बोट दाखवले. भुवईवर वण आहे, शेजारच्या काकीची साखळी ओढून पळाला तो हाच, असे छातीठोक सांगितले.

आज पेपरात त्याचा फोटो आला. बायको म्हणाली, "अहो, हो बेळगावचो लादीवालो. देवळात लाद्यो बसयतालो. तुमीच ताका तीर्थ दिल्लें मरे."

दिलेच होते. देवळातला पुजारी मीच. एकादशीला तो तीर्थासाठी वाकला, तेव्हा वण अगदी जवळून दिसला होता. मग रस्त्यावर मी काय पाहिले? पाठ, स्कूटर, क्षणभर अर्धा गाल. वण होता का? आठवू लागलो की वण दिसतो, पण त्याच्याखाली तीर्थासाठी पुढे केलेला तळहातही दिसतो.

माझ्या बोटामुळे तो आठ दिवस कोठडीत आहे. उद्या ठाण्यावर जाऊन, माझी चूक झाली, असे सांगणार. काकी बोलणे टाकील. टाको.

परेडीत तो माझ्याकडे बघून किंचित हसला होता. मला वाटले, किती निर्ढावलेला आहे. देवा, त्याने मला बरोबर ओळखले होते.