डावीकडून झाकलेली नावं

मुरुड, शनिवार

जिल्हा नवा झाला, नळाला पाणी न्हाई, पण निजामाच्या वेळचे गुप्त कागद म्हणे सरकारनं खुले केले! खुले कसले? "ओळीतलं पहिलं नाव खबऱ्याचं, ते शाईनं झाकायचा हुकूम हाय, काका," कारकून म्हणाला. त्या गाढवाला उर्दू येत न्हाई. ती उजवीकडून सुरू होते. यानं डावीकडून शाई फासली. खबरे उघडे, आणि त्यांनी पकडून दिलेले शाईखाली. लपवायचं तेही धड जमेना यांना!

मी निजामाच्या शाळेत शिकलेला, वाचत गेलो. "मुरुड, किराणा दुकानदार." गावातून असा एकच उचलला होता, माझा बाप. तो शाईखाली. आणि उजवीकडं ठसठशीत, माझ्या सख्ख्या मामाचं नाव.

बापाच्या समाधीवर दर सोमवारी पहिलं बेलपान मामाच वाहतो. परवा सोमवार हाय.