सलग पंधरा मिनिटं

१२ जानेवारी, सकाळी ६
आजपासून आठवीच्या वर्गावर. शिक्षक होण्याच्या कोर्सचं शेवटचं सत्र. शाळेत सराव करायचा, स्वतः शिकवतानाचा पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉलेजला द्यायचा, की परवाना हातात. ऑगस्टपासून इथेच नोकरी पक्की. मी शिकावं म्हणून बायको, जोलीन, तीन वर्षं हॉस्पिटलात डबल ड्युटी करतेय. तिला सांगितलं, आता थोडेच दिवस. माझ्याइतका थंड डोक्याचा मास्तर अख्ख्या नॉर्थ डकोटात मिळायचा नाही.
संकल्प: आवाज चढवायचा नाही.

दुपारी २
चढला. पण कारण होतं. रॉइस नावाच्या पोराने पुढच्या बाकावरच्या केल्बीच्या पाठीत कर्कटक खुपसलं. रक्त फार नव्हतं. मी फक्त स्टेपलर फेकला, तोही भिंतीकडे. नकाशात कॅनडाला भोक पडलं. वर्गाच्या मूळ शिक्षिका ओडेगार्ड बाई म्हणाल्या, टोलेफसन, नेम बरा आहे तुमचा, आता इतिहासही शिकवा थोडा. म्हातारी जळते माझ्यावर.

२९ जानेवारी
केल्बीने रॉइसचा दात पाडला. सोडवायला गेलो तर माझ्याच ओठाला तीन टाके. मी पूर्णपणे शांत होतो. केल्बीचा शर्ट फाटून माझ्या हातात कसा आला, देव जाणे.
घरी जोलीन म्हणाली, झेपत नसेल तर सोड ना रे. स्वयंपाकघराच्या दाराला भोक पडलं. हल्ली दारं पुठ्ठ्याचीच करतात.

१८ फेब्रुवारी
आज माझा खास प्रयोग: शांतता वर्तुळ. खुर्च्या गोल मांडायच्या, लोकरीचा गोळा ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. रॉइसने लोकरीच्या आत आइस हॉकीची टणक रबरी चकती गुंडाळून गोळा माझ्या कपाळावर हाणला. वर म्हणतो, सर, घ्या, आता तुमची पाळी.
मी बोललो. बाईंनी उठून वर्गाचं दार लावून घेतलं.
जोलीनच्या दंडावर निळे वळ. हॉस्पिटलात सांगून आली, कपाटावर आपटले म्हणून. समजूतदार आहे.

९ मार्च
व्हिडिओसाठी पालकांची सही लागते. सही नसेल तर त्या मुलाला कॅमेऱ्याच्या बाहेर बसवायचं. शहाण्या पोरांच्या आईबापांनी फॉर्म नीट वाचला आणि नकार कळवला. रॉइस, केल्बी आणि त्यांच्या तीन गुंडांच्या बापांनी न वाचताच सह्या ठोकल्या. म्हणजे कॅमेऱ्यात ही पाच रत्नं! बाई म्हणाल्या, माझं ऐका, सहावीच्या वर्गात करा, गरीब लेकरं आहेत. मी म्हटलं, मला हेच हवेत. परीक्षकांना कळू दे मी काय चीज आहे.

२३ मार्च, दुपारी १
आज शेवटची मुदत. सकाळी चित्रीकरण उरकलं. पहिली नऊ मिनिटं फर्स्ट क्लास. यादवी युद्ध असं रंगवलं की पोरं चक्क गप्प. दहाव्या मिनिटाला रॉइस केल्बीच्या बापाबद्दल काहीतरी बरळला. खुर्ची उडाली. केल्बीचं नाक फुटलं, वहीभर रक्त. माझ्या डोक्यात सणक गेली, म्हणजे मी तत्परतेने हस्तक्षेप केला. रॉइसला गळ्याला धरून कपाटावर दाबलं. बाई किंचाळल्या, सोडा, सोडा त्याला, पोरगं निळं पडतंय! सोडलं की. लगेच. जवळजवळ लगेच. पोरगा तासाभरात ठणठणीत.
नियम असा की व्हिडिओ सलग हवा, काटछाट केली की बाद. म्हणून आहे तसा धाडला. सोबत चार पानी टिपण: संकटसमयी शिक्षकाचं प्रसंगावधान. परवाना कुठे जात नाही.

२४ मार्च, दुपारी ४
ऑफिसात बोलावलं. कॉलेजचे दोघं, प्रिन्सिपल आणि शेरीफच्या ठाण्यातला पोलीस. माझं टिपण कुणी वाचलंच नव्हतं. परवाना नाही. पुन्हा अर्जसुद्धा करता येणार नाही, कधीच. रॉइसच्या आईने तक्रार केलीय, उद्या जबाब.
अपील करणार! घरी येऊन जोलीनपुढे लॅपटॉप ठेवला. म्हटलं, तूच बघ आणि सांग, माझं कुठे चुकलं.
तिने उभ्याउभ्या पाहिला, कोटही न काढता. सगळा. मग म्हणाली, व्हर्न, इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच तुला चिडवते.
किल्ल्या घेतल्या. मी दारात उभा होतो. बाजूला हो, म्हणाली.
झालो.