तेल आलं, तू आला नाहीस

बोरी, गुरुवार

प्रिय शिवकांत,

चारचौघांत ‘अहो’ आणि दार लावल्यावर ‘तू’, अशी आपली रीत. आत्ता मी दार लावूनच बसले आहे, म्हणून तू. पण बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीशी जाते, परत येते. फोनवर लिहिलं असतं, पण तुझा फोन म्हणजे आपल्या तेलघाण्यावरची चावडी. ऑर्डरी बघायला मामंजीही उघडतात आणि तुझा तो चुलतभाऊ योगीराजही.

योगीराज काल करडईच्या तेलाचा डबा घेऊन आला. उद्या मानवतला आपल्या घरी परत चाललाय. डब्याबरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी लाज सोडून विचारलं, काही म्हणाले का? तर म्हणे, “दादा लय कामात हायेत, वैनी.” तेल आलं, तू आला नाहीस. भावाच्या घरभरणीला चार दिवसांसाठी आलेली मी, महिना उलटून गेला. ऋतूला खालचा दात आलाय, पकडून पकडून उभी राहते. आई तिला तुझ्याच तेलानं चोळते आणि जावयाच्या घाण्याचं कौतुक करते. मी तिथून उठून जाते. तेलाचा वास आला की मला ती दुपार आठवते.

घरचे सगळे गंगाखेडला लग्नाला गेले होते. बाळंतपणानंतर तू जवळ आलास की मला आग व्हायची. मी दात आवळून गप्प राहायचे, पण तुला कळलं होतं. तू घाण्यावरून वाटीभर ताजं तेल आणलंस आणि काय ऐटीत म्हणालास, “आपल्या तेलात भेसळ न्हाई, बघ.” खरं सांगते, बरं वाटलं रे. आणि मग निरोध फाटला. तू म्हणालास, जाऊ दे, होतं कधी कधी. तुझ्यापुरतं ते तिथं संपलं. माझी ऋतू तेव्हा रांगतही नव्हती. दूध पाजतेय म्हणून पाळीचा ठिकाणा नाही, मग कळायचं कशावरून? रात्रंदिवस पोटावर हात ठेवून मी विचार करायचे. तुझा हात मात्र बाजूला सारायचे. तू एकदा विचारलंस, “कंटाळा आला का माझा?” मी कूस बदलली. कंटाळा, आणि तुझा! वेडाच आहेस. पण बोलले नाही हेही खरं.

इथं आल्यावर राजनंदिनी वहिनीनं तपासणीची पट्टी आणून दिली. काही नव्हतं. न्हाणीत बसून मी पोटभर रडले. मग तीच मला जिंतूरला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं, वाटीसुद्धा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अंगावर पाजणाऱ्या बाईला कोरडेपणा येतोच, नवऱ्यावरची माया आटली असा त्याचा अर्थ नाही. हे वाक्य तुला ऐकवायचं म्हणून मी येताना एसटीत घोकत होते. आणि निरोध फाटला तो तेलानं. तेल कितीही शुद्ध असू दे, खोबऱ्याचं, करडईचं, तूप नाहीतर व्हॅसलीन, त्यानं रबर कच्चं पडतं. त्यासाठी पाण्याचं जेल मिळतं. ते वाळलं तर पुन्हा लावायचं, नंतर पाण्यानं धुऊन निघतं. सिलिकॉनचंही चालतं, ते जास्त वेळ टिकतं. वासाचं, गरम-गार करणारं घ्यायचं नाही. आणि जेलनं दिवस राहायचे थांबत नाहीत, निरोध हवाच. तांबीचंही बघा म्हणाल्या. ते आपण दोघं मिळून ठरवू.

मेडिकलवाल्यानं आधी स्ट्रॉबेरीच्या वासाची रंगीत ट्यूब पुढं केली. वहिनी पदरात तोंड घालून हसत होती. मी म्हटलं, बिनवासाची, पाण्याची द्या. घाणेवाल्याची सून आहे, पारखल्याशिवाय घेते का? घरी येऊन तू तेल बघतोस तसंच केलं. थेंब मनगटावर घेतला, बोटानं चोळला, वास घेतला. आग नाही. दुसऱ्या दिवशीही खाज नाही. तुझ्या तेलाशी बेइमानी केल्यासारखं वाटलं जरासं. पण तेल ऋतूच्या अंगाला आणि भज्यांना, तिथं नाही.

हे सगळं घरी आल्यावर बोलायचं ठरवलं होतं. पण आज सकाळी तुझ्या आईचा, आत्याबाईंचा फोन आला. माझ्या बाबांना म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या तिला दिवाळीपस्तोर, शिवकांतच म्हनलाय.” बाबा मान डोलवत होते आणि मी आत येऊन दार लावलं, कागद पुढ्यात घेतला. मला नकोय असं समजून तू मला मोकळं केलंस ना? मला नाही मोकळं व्हायचं. मला तू हवा आहेस, अगदी तसाच हवा आहेस, दार लावल्यावरचा. ऋतू ज्यावर झोपते तो तुझा जुना शर्ट धुऊन योगीराजकडे देतेय. हे पत्र त्या शर्टाच्या खिशात आहे, वर बटण लावलंय. तेलाचा डबा अजून काठोकाठ भरलेला आहे. तू मात्र आत्याबाईंना सांग, बोरीचं तेल संपलं, या वेळी मीच देऊन येतो.

दार लावून बसलेली,
तुझीच
वैजू