पंचवीसपैकी पंचवीस मिळालेल्या बहिऱ्या काकांबाबत

दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तपासणी प्रमुख,
शब्द-ओळख श्रवण तपासणी पथक,
शिबिर कार्यालय, गोंदिया.

विषय : ऐकू न येणाऱ्या काकांस ऐकू येते व ऐकू येणाऱ्या पुतण्यास येत नाही, या निकालाच्या दुरुस्तीबाबत.

संदर्भ : दवनीवाडा शिबिर, दि. ४ नोव्हेंबर, तक्ता क्र. ४१ (काका) व ४२ (अर्जदार).

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, काल सायंकाळी माझे काका छोटेलाल टेंभरे यांना त्यांची दीड वर्षाची नात आचल हिचा आवाज प्रथमच ऐकू आला. त्यावेळी आपण मला दिलेले श्रवणयंत्र त्यांच्या कानात होते. ‘लाभार्थ्याने यंत्र अन्य व्यक्तीस देऊ नये’ ही आपली अट मी आज सकाळी वाचली. सबब वरील घटना घडलेली नाही, असे समजून पुढील मजकूर वाचावा.

१) काका अठ्ठावीस वर्षे राईस मिलमध्ये कामाला होते. तिथल्या आवाजात कोणाचेच बोलणे कोणाला ऐकू जात नाही, सगळे एकमेकांचे ओठ पाहून काम करतात. समोरच्याने जे म्हटले ते तसेच परत म्हणायचे, म्हणजे समजले, अशी तिथली रीत. काकांचे कान मिलमध्ये गेले, रीत राहिली.

२) चाचणीच्या दिवशी काका खिडकीसमोर तीन तास रांगेत बसले होते. आत प्रत्येक जण यंत्रातून ऐकलेले तेच पंचवीस शब्द त्याच क्रमाने परत म्हणत होता. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आपण खिडक्यांना रजया बांधल्या होत्या, परंतु एका काचेला रजई पुरली नाही. काकांना आवाज नकोच होता. नंबर येईपर्यंत त्यांची यादी पाठ झाली. आत चाचणीच्या यंत्राचा लाल दिवा लागला की ते पुढचा शब्द म्हणत गेले. पंचवीसपैकी पंचवीस. आपण ‘श्रवण उत्तम, यंत्र अनावश्यक’ असा शेरा मारला. काकांनी ‘मले दहावीत नाही भेटले एवढे’ असे गावभर सांगितले. यंत्र नाकारले गेल्याचे त्यांना मी कागदावर लिहून दाखवले.

३) मी नुसता सोबत गेलो होतो. ऐकू येणारा माणूस तुलनेसाठी पाहिजे, म्हणून आपल्या टीना मॅडम म्हणाल्या, ‘आलेच आहात तर बसा.’ यंत्रातल्या बाईंचा आवाज वयस्कर होता. आमच्या घरी मोठ्या माणसाचा शब्द तसाच परत म्हणणे म्हणजे चिडवणे, आणि त्याबद्दल मार मिळतो. म्हणून मी रीतसर उत्तरे दिली. ‘पाणी’ यास ‘पिऊनच आलो’. ‘दार’ यास ‘लोटलंच हाय’. ‘नमस्कार’ यास नमस्कार केला, तेवढा एक गुण मिळाला. दि. १० रोजी यंत्र माझ्या नावाने घरी आले.

४) तेव्हापासून सर्व बाबी संशयास्पद आहेत. दि. १२ रोजी टीना मॅडम यांनी आमच्या अंगणात माझ्या पाठीमागे स्टीलचे ताट पाडले. मी दचकलो. त्यांनी ‘जमिनीच्या कंपनामुळे दचकला’ अशी नोंद केली. हल्ली मी सारखा मागे वळून पाहतो. त्याचीही कुठेतरी नोंद होत असावी, असा माझा संशय आहे. पानठेल्यावर सेवकराम माझ्यासमोरच माझ्याबद्दल बोलतो, आणि कोणी अडवले तर सांगतो, ‘बोल ना बे, त्याले कायले आयकू येते.’ माझी आई प्रेमिलाबाई हिने तर आपला तक्ता देवाजवळ ठेवला आहे. ‘मी तं लहानपणापासून सांगून राहिली, याले आयकू येत नाही,’ असे तिचे म्हणणे असून, त्यास आता शासकीय आधार मिळाला आहे.

५) दि. २५ रोजी आपली फेरतपासणी आहे. मी खरे ऐकले तर यंत्र परत जाईल. मी खोटा बहिरा झालो तर यंत्र माझ्याच कानात ठेवावे लागेल. दोन्ही प्रकारे काकांचा कान रिकामा राहतो. आचल अंगठा तोंडात ठेवूनच बोलते. ती ‘आजा’ म्हणते तेव्हा काका तिच्या अंगठ्याकडे पाहत बसतात. मग ती रडते. तेव्हा अंगठा बाहेर येतो, पण शब्द संपलेला असतो.

६) काल (जे घडलेले नाही) काकांनी प्रथम आकाशाकडे पाहिले. जवळच्या बिरसी विमानतळावरची शिकाऊ विमाने इंजिन बंद करून उडवतात, असे ते इतकी वर्षे समजत होते. नंतर मागून आचल काहीतरी म्हणाली. काका न वळता म्हणाले, ‘आलो माय.’ ते वळले नाहीत, ही बाब आपल्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसते ते कळवावे.

तरी काकांस त्यांच्या स्वतःच्या नावाने यंत्र मिळावे. तसेच आपल्या यादीत ‘आजा’ हा सव्विसावा शब्द समाविष्ट करावा. तो ध्वनिमुद्रित न करता छोटेलाल टेंभरे यांची नात आचल हिने समक्ष, अंगठा तोंडात ठेवून उच्चारावा. आणि कोणास ऐकू येते व कोणास नाही, हे ठरविण्याचे संपूर्ण राज्यातील अधिकार आपल्या पथकाकडून काढून कायमस्वरूपी तिच्याकडे वर्ग करावेत, ही विनंती.

आपला नम्र व कागदोपत्री बहिरा,
(सही)
संजू दुधराम टेंभरे
मु. पो. दवनीवाडा, जि. गोंदिया