बाबांची डावी पोटरी

प्रिय ओमकार,

जितेंद्र परवा मस्कतला परत निघालाय. त्याच्या बॅगेत आईने सोलं, सुकी सुंगटं आणि मसाल्याची पिशवी कोंबलीय, आणि सगळ्यात वर मी हे पत्र ठेवतेय. आधी पत्र वाच, मग मसाल्याचा वास घेत बस. फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर तू दुसऱ्याच वाक्याला मुद्द्याचं बोल म्हणतोस, आणि नेमकं मुद्द्याचं बोलणंच या वेळी मला जमत नाहीये. चार दिवस फोन हातात घेते नि ठेवून देते. मला बाबांच्या पायाबद्दल लिहायचंय. त्याच डाव्या पायाबद्दल, ज्याच्यावरून मे महिन्यात मी तुला झापलं होतं.

फेब्रुवारीत मी आपल्या रापणीच्या सगळ्या माणसांना टेम्पोत घालून कुडाळला माझ्या फिजिओथेरपी कॉलेजात नेलं होतं, ते तुला सांगितलं होतं ना? जन्मभर पुळणीत टाच रुतवून जाळ्याचा दोर ओढणाऱ्या माणसांच्या पोटऱ्या ताणल्यावर कशा बदलतात, ते मला मोजायचं होतं. बावीस जण आले. कॉलेजात जायचं म्हणून सगळे इस्त्रीच्या पँटी घालून आले, आणि एकाचीही पँट गुडघ्याच्या वर सरकेना! शेवटी बावीस जणांना टॉवेल गुंडाळायला दिले. हसून हसून आमची पुरेवाट झाली. काम तसं साधं. माणसाला पालथं झोपवायचं, पाऊल एका फळीला पट्ट्याने बांधायचं, आणि फळी हळूहळू अशी वळवायची की पाऊल नडगीकडे येतं नि पोटरी ताणली जाते. त्याच वेळी सोनोग्राफीने आतला स्नायू पडद्यावर बघायचा. चपातीची कणीक ओढली की लांबते तशी बारीक होते ना, निरोगी स्नायूचंही तसंच. तो किती लांबला, किती बारीक झाला, आतले तिरपे धागे किती कलले, तेवढं टिपून ठेवायचं. बाबा पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "गो, इतकी वर्सां मी मासळी मोजलंय, आता तू माझे पाय मोजतलंस?" खोली हसली. मीही हसले.

उजवी पोटरी छान लांबली, पासष्टीतल्या माणसाची वाटू नये अशी. डावी मात्र आधीच बारीक होती. पडद्यावर पांढुरकी दिसत होती, आणि कितीही ताणली तरी लांबायला कुरकुरत होती. शिवाय पाय नुसता पडून असतानाही आत कुठेतरी बारीक फडफड चालली होती. माझ्या हाताखाली प्राजक्ता म्हणून एक मुलगी नवीन लागलीय, साताऱ्याची. तिने मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं की मॅडम, हे डॉक्टरांना दाखवू या का. आणि तुझ्या शहाण्या ताईने काय केलं? तिला रापण शिकवली! सांगितलं की बाई, तू कधी रापण बघितली नाहीस. जाळं दोन दोरांनी किनाऱ्याला ओढतात, आणि माझे बाबा चाळीस वर्षं दक्षिणेच्याच दोरावर उभे आहेत. त्या बाजूला उजवी टाच रुतवून मागे रेटावं लागतं, डावा पाय नुसता टेकायला. मग डावी बारीक राहणारच. आणि फडफड म्हणजे सोनोग्राफीचं जेल गार लागलं असेल. बिचारी पुढच्या माणसाचं पाऊल फळीला बांधायला लागली. कोर्सची पुस्तकं तिनेही वाचलीत, पण रापणकराची लेक मी, हे मिरवायची मला केवढी हौस.

पुढचं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते. एप्रिलमध्ये तू विचारलंस की कंपनी आणखी दोन वर्षांचा करार देतेय, सही करू की परत येऊ, बाबा कसे आहेत ते खरं सांग. मी म्हटलं, खुशाल कर सही, बाबा तुझ्यापेक्षा ठणठणीत आहेत, मी स्वतः मोजलेत. मग मे महिन्यात व्हिडिओ कॉलवर बाबा अंगणातून येताना त्यांच्या डाव्या पायातली चप्पल दोनदा निसटली आणि त्यांना कळलंही नाही, हे तू तिकडे बसून बघितलंस. मी इथे असून बघितलं नाही. उलट तुलाच विचारलं की एसी दुरुस्त करता करता डॉक्टर झालास काय. त्यानंतर महिनाभर तू माझ्याशी धड बोलला नाहीस. बरोबर केलंस.

नारळीपौर्णिमेनंतर रापण पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिसऱ्याच ओढीला बाबा दोरासकट तोंडावर पडले. आधी सगळे हसले. मग ते उठेनात. दोघांनी बखोटीला धरून उभं केलं, तर म्हणाले, "माका काय होवक नाय, ह्यो पाय आळशी झालो." मी तिथेच होते, ओमकार. घरी येऊन मी फेब्रुवारीची फाइल उघडली आणि पहिल्यांदाच बाकीच्यांचे आकडे बाबांच्या आकड्यांशेजारी ठेवले. दक्षिणेच्या दोरावर बाबांखेरीज आणखी दहा जण आहेत. दहाच्या दहा जणांच्या दोन्ही पोटऱ्या सारख्याच लांबत होत्या, सारख्याच बारीक होत होत्या. दोराने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. सहा महिने हे आकडे माझ्याच कॉम्प्युटरात होते. उत्तर मला आधीच माहीत होतं ना, म्हणून मी बघितलंच नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे मला.

गोव्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे तीन खेपा झाल्या. मागच्या आठवड्यात त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्नायूंना हलवणाऱ्या नसा एकेक करून मरतायत. यावर औषध असं नाही. पायापासून सुरू झालंय, आता उजव्या हाताची पकडही सैल होतेय. फेब्रुवारीत कळलं असतं तरी बरं झालं नसतं, असंही ते म्हणाले, माझं तोंड बघून म्हणाले असतील. पण फेब्रुवारीत कळलं असतं तर तू एप्रिलमध्ये सही केली नसतीस. हे आठ महिने तू इथे असतास. ते मी खाल्ले. रापणकरांनी बाबांना दोर गुंडाळायला बसवलंय, गंगाराम, तुझ्याशिवाय दोर नीट बसत नाही, असं त्यांना खोटंच सांगतात, आणि बाबा रोज जातात. डाव्या पायातली चप्पल त्यांनी जाळ्याच्या सुतळीने घोट्याला बांधून घेतलीय. तुझा फोन आला की आईला बजावतात, फोन तोंडासमोरच धर, खाली नको. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातलीय, पोराचा करार मोडेल म्हणून. ती शपथ मी आज मोडतेय. तू सही केलीस ती माझ्या शब्दावर. आता माझ्याच शब्दावर तो करार मोड आणि ये. मला काय बोलायचं ते आल्यावर बोल, मी ऐकून घेईन. पण लवकर ये. कुंपणाच्या गडग्यापर्यंत तुला न्यायला बाबा अजून आपल्या पायांनी येऊ शकतात.

चुकलेली, पण तुझीच,
सारिकाताई