रविवारी दहाला पहलवी

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.
दहाला ऑनलाइन पहलवी वर्गाचा शुभारंभ. अकरा जण हजर! कॉलेजने माझा विभाग बंद करताना ‘विद्यार्थीच नाहीत’ असं कारण दिलं होतं. आता बोला म्हणावं. आधी अवेस्ताची भाषा, मग पहलवी, मग आजची फारसी, अशी इराणची तीन हजार वर्षं तासाभरात बसवली. शेवटी म्हटलं, शंका विचारा. एका दंतवैद्याने विचारलं, सर्टिफिकेट मिळेल का. जिज्ञासा आहे.
संकल्प: वर्षअखेर शंभर विद्यार्थी. पहलवी-मराठी शब्दकोश पुरा. रोज चालायला जाणे.

५ फेब्रुवारी.
चालायला गेलो नाही. हवा बरी नव्हती. नंतर बरी झाली, पण तोवर चप्पल काढली होती.

९ फेब्रुवारी, रविवार.
सहा जण. लिपी शिकवली. पहलवीत एकच अक्षर न असू शकतं, व असू शकतं, र सुद्धा. कुठे काय ते वाचणाऱ्याने ताडायचं. दंतवैद्य म्हणाले, मग लिहायचं तरी कशाला? त्यानंतर ते दिसले नाहीत. नेट गेलं असणार.
वर्ग संपतो न संपतो तोच ताईचा फोन. खोकला कधीपासून आहे, म्हणाली. फोनवर मी एकदाही खोकलो नव्हतो! थोरल्या बहिणींना काय काय ऐकू येतं, देव जाणे. भावोजी गेल्यापासून तिचा सगळा हुकूम माझ्यावर. कामं आहेत म्हणून फोन ठेवला. मग दुपारभर कोणती कामं ते आठवत बसलो.

१६ फेब्रुवारी, रविवार.
तिघे. संख्या घटते म्हणजे दर्जा वाढतो. आज गंमत सांगितली: पहलवीचे कारकून कितीतरी शब्द अरामी भाषेत लिहायचे आणि आपल्या भाषेत वाचायचे. लिहिलंय ‘लहमा’, वाचायचं ‘नान’, अर्थ एकच, रोटी. वर्गात एक नवरा-बायको होते. बायको म्हणाली, ही तर फसवाफसवी. नवरा म्हणाला, चल, आवर. दोघे गेले.
उरला ‘गेस्ट’. पडद्यावर एवढंच नाव. कॅमेरा बंद, माइक बंद. पण एकही वर्ग चुकवलेला नाही. असा विनय हल्ली दिसत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.
फक्त गेस्ट. पाखडून दाणा उरला. आज ‘स’चा ‘ह’ कसा होतो ते घेतलं. सप्तचं हप्त, असुरचा अहुर. मग नाती. आपली स्वसृ तिकडे ‘ख्वाहर’ झाली, म्हणजे बहीण. या एका शब्दावर अर्धा तास बोललो. काय रंगलो! गेस्टने चूं केलं नाही. तल्लीन असणार.
लगेच ताईचा फोन. घसा बसलाय तुझा, कोमट पाणी पी. म्हटलं, सध्या ‘बहीण’ या शब्दावर काम चालू आहे, नंतर बोलू.

२७ फेब्रुवारी.
निर्णय झाला. शब्दकोश गेस्टच्या हाती सोपवायचा. तीस वर्षांची कार्डं, बुटांच्या खोक्यांत. मला मूलबाळ नाही. कॉलेजला नकोत. झाडलोट करणारी बाई एकदा कचऱ्यात टाकणार होती. गेस्ट मला डोळ्यांसमोर दिसतो: तिशीचा, किडकिडीत, चष्मा, मितभाषी. भाषणाची आरशासमोर दोनदा रंगीत तालीम केली. दोन्ही वेळा आरशातला माणूस हेलावला.

२ मार्च, रविवार. दुपार.
लिहू नये असं वाटतं. लिहितो.
भाषण केलं. शेवटी म्हटलं, बाळा, आज तरी बोल. माइक सुरू कर. पुन्हा म्हटलं. मग खडखड झाली, नळ वाजला, भांडं आदळलं आणि ताईचा आवाज आला: “हे बटण का ते? ऐकू येतंय का रे?”
मी म्हटलं, ताई, तू मध्ये कुठून घुसलीस, इथे वर्ग चालू आहे.
“मीच तर आहे वर्गात. पहिल्या दिवसापासून. तूच नाही का सगळ्यांना ती लिंक पाठवलीस?”
विचारलं, कळतं का तुला काही?
“छे रे! सगळं डोक्यावरून जातं. पण हे गेल्यापासून घर खायला उठतं. रविवारी तू बोलत असलास की घरात माणूस वावरतंय असं वाटतं. मी आपली भाजी निवडते.”
पुढे म्हणाली, “आणि ती खोकी मला देतोस म्हणतोस, पण ठेवू कुठे? कपाटावर जागा नाही.”
वर्ग तांत्रिक कारणास्तव लवकर संपवला.

५ मार्च.
पूर्ण विचारान्ती वर्ग कायमचा बंद. सगळा वेळ आता शब्दकोशाला. कळवायला ताईला फोन केला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, रविवारी दहालाच ना?
हो म्हटलं.

९ मार्च, रविवार.
दहाला सुरू केलं. ताईने कॅमेरा लावला होता, त्यात नुसतं छत दिसत होतं. काय शिकायचंय विचारलं. काहीही बोल, म्हणाली. क्रियापदाचा भूतकाळ घेतला. थोड्या वेळाने घोरणं ऐकू यायला लागलं.
आवाज जरा खाली घेतला. अकरापर्यंत शिकवत राहिलो.